महागाई, जीडीपी, रेपो: आकडे वाचताना या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. इंदूरच्या चोइथराम मंडीतून भाजी घेऊन आम्ही राजेंद्र नगरला परतलो. जुलैची किरकोळ महागाई ३.५४ टक्क्यांवर उतरल्याची बातमी त्याच आठवड्यात आली होती. पिशवी ओट्यावर ठेवत वहिनी म्हणाल्या, "भावजी, महागाई उतरली म्हणता, मग माझे पैसे गेले कुठे?"

प्रश्न अगदी रास्त होता. महागाईचा दर म्हणजे भाव नव्हे, तर भाव वाढण्याचा वेग. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने देशभर रडवलं होतं आणि दर ७.४४ टक्क्यांवर गेला होता. वर्षभराने तुलना झाली ती त्या चढलेल्या भावांशी. समजा एखादी वस्तू २० रुपयांवरून १०० ला गेली आणि पुढच्या वर्षी १०० लाच थांबली, तर त्या दुसऱ्या वर्षी तिची महागाई शून्य. पिशवीला मात्र १०० च मोजावे लागतात. यालाच बेस इफेक्ट म्हणतात, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

जीडीपीतही, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्यातही, हेच. एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीत वाढ २०.१ टक्के आली आणि पेढे वाटावेत असं वातावरण झालं. पण आदल्या वर्षी त्याच तिमाहीत टाळेबंदी होती. रक्कम २६.९५ लाख कोटींवरून ३२.३८ लाख कोटींवर आली होती, आणि कोरोनाच्या आधी, २०१९ मध्ये, ती ३५ लाख कोटींच्या वर होती. म्हणजे इतकी उडी मारूनही आपण जुन्या जागी पोचलो नव्हतो. टक्केवारी फार मोठी दिसली की मूळ रक्कम काढा आणि दोन वर्षं मागे जाऊन बघा. एवढ्याने बहुतेक गोंधळ मिटतो.

दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजू नका

२०२० मध्ये एप्रिल-जूनच्या जीडीपीवर आमच्या एका गटात मजकूर फिरला: अमेरिका ३२.९ टक्के घसरली, आपण फक्त २३.९. ही तुलनाच चुकीची. अमेरिकेत तिमाहीचा आकडा वार्षिक करून सांगतात, म्हणजे हीच गती वर्षभर राहिली तर काय होईल, ते. आधीच्या तिमाहीशी थेट ताडून पाहिलं तर त्यांची घसरण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती. आपला आकडा गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडलेला असतो.

घाऊक आणि किरकोळ महागाईचंही तसंच. जुलै २०२३ मध्ये किरकोळ ७.४४ असताना घाऊक उणे १.३६ होती. दोन्ही आकडे खरे. घाऊक निर्देशांकात डॉक्टरची फी, घरभाडं, शाळेची फी, म्हणजे सेवा धरत नाहीत. सियागंजमधल्या व्यापाऱ्याला घाऊक आकड्याशी काम असेल, पण रिझर्व्ह बँकेचं ४ टक्क्यांचं लक्ष्य (खाली २, वर ६ ची मुभा) किरकोळ महागाईवर बांधलेलं आहे. म्हणून बाजाराचे कान बारा तारखेच्या आकड्याकडे असतात. पीएमआय (कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक) ५८ वरून ५६ झाला की "उत्पादन घटलं" म्हणू नका. ५० च्या वर आहे तोवर ते वाढतंच आहे, फक्त जरा हळू.

आकडा आणि अपेक्षा

बाजार आकड्यावर हलत नाही, तो अपेक्षेपेक्षा वेगळ्या आकड्यावर हलतो. २९ फेब्रुवारी २०२४ ला ऑक्टोबर-डिसेंबरची वाढ ८.४ टक्के जाहीर झाली. अंदाज साडेसहाच्या आसपास होते. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स १,२०० हून अधिक अंशांनी चढला. पण त्याच पत्रकात सकल मूल्यवर्धनाची, म्हणजे कर आणि अनुदानं बाजूला ठेवून मोजलेल्या उत्पादनाची, वाढ ६.५ टक्के होती. करांतून अनुदानं वजा करून जे उरतं, ते फुगल्यामुळे ही दरी पडली होती. मथळा वाचून थांबणाऱ्याला ही दुसरी ओळ दिसलीच नाही. शिवाय २०२३-२४ या पूर्ण वर्षाचा आकडा बदलत गेला: आधी ७.३, मग ७.६, मग ८.२ आणि २०२५ मध्ये ९.२. पहिला अंदाज हा अंदाजच असतो. त्यावर घरातला मोठा निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

"व्याज वाढलं, म्हणजे फायदा"

रामबागेतल्या काकांना याचा चटका बसला. निवृत्तीचे पैसे त्यांनी लांब मुदतीच्या गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी कर्जरोख्यांच्या फंडात, ठेवले होते. सरकारी रोखे, बुडायची भीती नाही, हे खरंच. ४ मे २०२२ ला दुपारी रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो (ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर) ४ वरून ४.४० टक्के केला. सेन्सेक्स १,३०६ अंशांनी पडला. काका मात्र खुशीत होते: आता जास्त व्याज मिळणार. पुढच्या काही दिवसांत फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, उतरलेली दिसली आणि ते घाबरून गेले.

त्यांना मी वहीत हिशेब करून दाखवला. तुमच्याकडे ७ टक्क्यांचा, १० वर्षांचा, १०० रुपयांचा रोखा आहे. उद्या बाजारात ८ टक्क्यांचा नवा आला, तर तुमचा जुना १०० ला कोण घेईल? त्याची किंमत सुमारे ९३ वर येते. रोखा जितका लांब मुदतीचा, तितका फटका मोठा. महागाईचा आकडा आला की रोख्यांचा बाजार आधी हलतो तो याच साखळीमुळे: महागाई, त्यावरून रेपोचा अंदाज, त्यावरून रोख्याचा भाव. व्याज वाढण्याची चिन्हं दिसत असतील तर लवकर लागणारे पैसे लांब मुदतीच्या फंडात नकोत.

शेवटची चूक म्हणजे सगळ्यांनी एकच आकडा बघत बसणं. देवासजवळ शेती असलेला माझा मामेभाऊ सोयाबीन घरात भरून ठेवतो आणि टीव्हीवर जीडीपीची चर्चा ऐकतो. त्याच्या सोयाबीनच्या दराशी जास्त संबंध खाद्यतेलावरच्या आयात शुल्काचा. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलांवरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं आणि मे २०२५ च्या शेवटी ते १६.५ वर आणलं गेलं. त्याला मी सांगितलंय, सकाळी आधी मलेशियातला पामतेलाचा वायदा बघ, मग डॉलरचा भाव, आणि त्यानंतर मंडीत फोन लाव.