रोबोटचा हात मध्येच झटका देतो? या चुका टाळा

हात छान सरळ चाललेला असतो आणि दर दीड-दोन मिनिटांनी बारीकसा झटका देतो. पहिला संशय पीआयडीच्या (चूक मोजून हाताची हालचाल सुधारणाऱ्या नियंत्रकाच्या) गेनवर, म्हणजे त्या सुधारणेच्या जोरावर जातो. मीही एकदा दोन दिवस गेन फिरवत बसलो होतो. दोष निघाला माझ्याच लूपमधल्या (हाताला पुन्हा पुन्हा आज्ञा देणाऱ्या कोडमधल्या) एका ओळीत: सांध्यांचे कोन स्क्रीनवर छापणारी ओळ. टर्मिनल अडलं की लूप चालवणारा थ्रेडही (प्रोग्रॅमचा स्वतंत्र धागा) तिथेच ताटकळायचा.

तेव्हा आधी लूपच्या प्रत्येक फेरीला लागणारा वेळ मोजा. सरासरी 1.00 मिलिसेकंद दिसली म्हणून खूश होऊ नका. 1 किलोहर्ट्झला एक लाख फेऱ्या 100 सेकंदांत संपतात. त्यात एकच फेरी 4 मिलिसेकंद लांबली, की झाला तुमचा दीड मिनिटाचा झटका. प्रत्येक फेरीची वेळ आधीच राखून ठेवलेल्या ॲरेत टाका आणि हात थांबल्यावरच फाइलीत लिहा. सर्वांत जास्त लांबलेली फेरी शोधायची. लूपमध्ये छापणं, फाइल उघडणं, नवी मेमरी मागणं, सगळं बंद.

फेरीच्या शेवटी युस्लीप(1000), म्हणजे 1000 मायक्रोसेकंदांची झोप, ही तर सर्रास दिसणारी चूक. हिशेबाला 150 मायक्रोसेकंद लागले, तर फेरी 1.15 मिलिसेकंदांची होते, म्हणजे जेमतेम 870 हर्ट्झ. पुढची वेळ मागच्या ठरलेल्या वेळेत 1 मिलिसेकंद मिळवून काढा आणि क्लॉक-नॅनोस्लीपला (ठरल्या क्षणापर्यंत झोपवणाऱ्या कॉलला) तीच नेमकी वेळ द्या. फ्रँका पांडा या रोबोट-हातावर मात्र कॉलबॅकमध्ये (दर फेरीला आपोआप बोलावल्या जाणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये) झोपायचंच नाही. तिथे ताल रोबोटच्या पॅकेटचा असतो. एखादं पॅकेट चुकलं तर तो अंदाजाने पुढे सरकतो, सलग 20 चुकली की थांबतो.

शेड-फिफो (थ्रेडला बाकीच्यांच्या आधी चालवणारी लिनक्सची पद्धत) लावलंय म्हणता, पण त्या कॉलचं उत्तर तपासलंत का? आरटीप्रायोची, म्हणजे असा अग्रक्रम घेण्याची, परवानगी नसेल तर तो नापास होतो आणि थ्रेड साधाच राहतो. सीएचआरटी या कमांडने खात्री करा. प्रायॉरिटी 99 नको, तिथे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) स्वतःचे थ्रेड असतात, 80 पुरते.

म्युटेक्सही (एका वेळी एकाच थ्रेडला माहिती वापरू देणारं कुलूप) बघा. लॉगिंगचा थ्रेड कुलूप धरून बसला आणि मधल्या प्रायॉरिटीच्या थ्रेडने त्याला बाजूला सारलं, की त्याच कुलपासाठी थांबलेला, हात चालवणारा कंट्रोल थ्रेड दोघांच्याही मागे. 1997 मध्ये मंगळावर पाथफाइंडर हे यान याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला, वाट पाहणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू केल्यावर ते थांबलं.

एमलॉकऑल (प्रोग्रॅमची मेमरी रॅममध्येच धरून ठेवणारा कॉल) आणि परफॉर्मन्स गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग वरच ठेवणारी सेटिंग) ही दोन मिनिटांची कामं. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे कर्नलला वेळेचा पक्का करणारा बदल, लिनक्स 6.12 पासून मूळ कर्नलमध्येच आहे, पण कर्नल बांधताना पर्याय निवडावा लागतो. मग सायक्लिकटेस्ट (थ्रेड ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा जागा होतो ते मोजणारी चाचणी) चालवा, तीही मशीनवर भरपूर लोड टाकून. रिकाम्या मशीनवर आकडे सगळ्यांचेच सुंदर येतात.