डेबियन लिनक्स स्वतः कसे इन्स्टॉल करावे : दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी

नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची म्हटली, की दृष्टिहीन वापरकर्त्याला बहुतेक वेळा एखाद्या डोळस माणसाची सवड पाहावी लागते. डेबियन या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा इन्स्टॉलर पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या रीस्टार्टपर्यंत बोलतो, त्यामुळे हे परावलंबन पुष्कळसे टाळता येते. बोलत नाही ते संगणकाचे स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणारा बायोस किंवा यूईएफआय हा प्रोग्रॅम. म्हणून तेवढ्या टप्प्याची सोय आधीच करून ठेवावी.

प्रथम सर्व फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. नंतर विंडोजमध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवून डेबियनची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलरची संपूर्ण प्रत, उतरवावी व रुफस या प्रोग्रॅमच्या साहाय्याने ती पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही यात पुसले जाते. डेबियन १२ पासून अधिकृत आयएसओमध्येच हार्डवेअरचे आवश्यक फर्मवेअर (साउंड कार्डासारखे सुटे भाग चालण्यासाठी लागणाऱ्या फाइल्स) असते आणि अनेक नव्या लॅपटॉपच्या साउंड कार्डांना ते लागतेच, म्हणून जुनी आवृत्ती घेऊ नये. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, बंद करण्याच्या खटपटीत पडू नये, कारण डेबियन १० पासून त्याला आधार आहे.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्यासाठी बायोसच्या मुक्या मेनूत शिरण्याऐवजी विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडावे. येणाऱ्या निळ्या पडद्यावर कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबून नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर सुरू करावा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडावा. तिथे आवाज आलाच नाही, तर बी माय आइज या अ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल करून एखाद्या स्वयंसेवकाकडून पडदा वाचून घ्यावा. एवढ्या दोन मिनिटांच्या मदतीत कमीपणा मानण्याचे कारण नाही.

डेबियनचा बूट मेनू तयार झाला, की बीप ऐकू येते: जुन्या बायोसवर एकदा, यूईएफआयवर दोनदा. त्यानंतर ‘एस’ आणि एंटर दाबावे, म्हणजे इन्स्टॉलर बोलू लागतो. काही लॅपटॉपवर बीप वाजतच नाही. तेव्हा थोडे थांबून याच कळा दाबाव्यात. या टप्प्यावर डिस्कवर काहीही लिहिले जात नाही, त्यामुळे चुकले तरी पुन्हा सुरुवात करता येते. एकाहून अधिक साउंड कार्डे असतील, तर इन्स्टॉलर प्रत्येकावर आळीपाळीने बोलून पाहतो. हव्या त्या कार्डावरून आवाज आला, की एंटर दाबावे. बोलण्याचा वेग सुरुवातीला संथ असतो, तो कॅप्स लॉकसह ६ दाबून वाढवता येतो व ५ दाबून कमी करता येतो. यूएसबी ब्रेल डिस्प्ले जोडलेला असल्यास तो आपोआप ओळखला जातो.

पुढचे सर्व प्रश्न क्रमांक दिलेल्या याद्यांच्या रूपात येतात. हवा तो क्रमांक टाइप करून एंटर दाबायचे आणि मागे जायचे असल्यास ‘लेस दॅन’चे चिन्ह द्यायचे. रूटचा, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य प्रशासक खात्याचा, पासवर्ड विचारला, की तो रिकामा सोडणे मला सोयीचे वाटते, कारण मग पहिल्या वापरकर्त्यालाच सुडोचे, म्हणजे प्रशासक म्हणून आज्ञा देण्याचे, अधिकार मिळतात.

खरी सावधगिरी पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या, टप्प्यावर हवी. येथे डिस्कच्या यादीत तुमचा पेनड्राइव्हही असू शकतो, म्हणून नावापेक्षा आकार ऐकून डिस्क ओळखावी: ५१२ जीबीची एसएसडी आणि १६ जीबीचा पेनड्राइव्ह यांत गल्लत होण्याचे कारण नाही. संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय घेतल्यास विंडोज कायमचे जाते. बदल डिस्कवर लिहायचे का, हा प्रश्न आला, की त्याआधी वाचलेली बदलांची यादी नीट ऐकलेली असावी. ऐकण्यात काही निसटले असल्यास ‘नो’ निवडून मागे जावे आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा.

डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या व मेनू दाखवणारी व्यवस्था, निवडताना ग्नोम किंवा माटे घ्यावा, कारण ऑर्का हा स्क्रीन रीडर या दोन्हींवर चांगला चालतो. बोलत्या पद्धतीने इन्स्टॉल केले, तर बोलण्याची सोय नव्या सिस्टिममध्येही आपोआप बसते. रीस्टार्टपूर्वी पेनड्राइव्ह काढावा. लॉगिनच्या पडद्यावर ऑर्का गप्प राहिला, तर विंडोजची कळ, ऑल्ट आणि ‘एस’ एकत्र दाबून तो सुरू करावा. मग इन्सर्ट आणि स्पेस दाबून त्याच्या सेटिंग्जमध्ये जावे. ई-स्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी आवाज तेथूनच निवडता येतो.