विकणाऱ्याचं टॅक्स बिल तुमचं नसतं

अमेरिकेत पहिलं घर बघायला निघालेल्या आपल्या मंडळींना मी किचन आणि बॅकयार्डच्या आधी प्रॉपर्टी टॅक्सचं विचारते. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात टॅक्सचा जो आकडा दिलेला असतो, तो आज त्या घराच्या मालकाला पडणारा टॅक्स असतो. तुम्ही घर घेतल्यावर काही राज्यांत जवळपास तेवढाच येतो, तर काही राज्यांत तिप्पट-चौपट. जोडपी हप्त्याचं सगळं गणित त्या छापलेल्या आकड्यावर बसवतात आणि वर्षा-दीड वर्षाने मॉर्गेज कंपनीचं पत्र आलं की हादरतात. घर घेताना होणाऱ्या चुकांत ही सगळ्यात महागडी, आणि चांगली शिकलेली, एक्सेल शीटवर घरं तोलणारी माणसं ती वारंवार करताना मी बघते.

आपल्याकडची घरपट्टी डोक्यातून काढून टाका. इथे मॉर्गेजच्या खालोखाल बहुधा हाच खर्च असतो आणि कर्ज फिटलं तरी तो थांबत नाही. देशभराचा असा एक दर नाही. काउंटी, गाव, शाळेचा डिस्ट्रिक्ट, कुठे कुठे अग्निशमन किंवा पाण्याचा डिस्ट्रिक्ट, प्रत्येकाचा आपापला तुकडा असतो आणि सगळ्यांची बेरीज तुमच्या बिलावर येते. त्यातला मोठा वाटा बहुतेक ठिकाणी शाळांचा. न्यू जर्सीत साधारण निम्मा.

आता राज्यांकडे वळू. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदानातून प्रपोझिशन १३ हा कायदा मंजूर झाला. मूळ दर एक टक्का, स्थानिक रोख्यांचे वगैरे धरून बऱ्याच ठिकाणी १.१ ते १.२५ टक्के. घर जोवर त्याच मालकाकडे आहे तोवर टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढते. घर विकलं गेलं की ती थेट विक्रीच्या किमतीवर येते. म्हणजे जुन्या मालकाची किंमत तीन लाखांवर अडलेली असेल तर तो वर्षाला ३,६०० डॉलर भरत असतो. तेच घर तुम्ही बारा लाखांना घेतलंत की तुमचे होतात १४,४००. शेजारी-शेजारी सारखीच घरं आणि टॅक्स चौपट. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटते, नवीन येणाऱ्याने जुन्याचा भार उचलायचा अशी. पण ती आपल्याला बदलता येणार नाही, गणितात मात्र धरता येते.

कॅलिफोर्नियात आणखी एक ठेच लागते ती सप्लिमेंटल बिलाची. जुनी किंमत आणि तुमची किंमत यांच्यातल्या फरकाचं बिल खरेदीनंतर काही महिन्यांनी वेगळं येतं आणि सहसा तुमच्याच नावाने, टपालाने. एस्क्रोतून, म्हणजे हप्त्यासोबत टॅक्ससाठी जमा होणाऱ्या पैशांतून, मॉर्गेज कंपनी भरेल असं समजून लोक ते ड्रॉवरमध्ये टाकतात. बहुतेक वेळा ती भरत नाही, आणि तारीख चुकली की दहा टक्के दंड. इर्वाईन, डब्लिनसारख्या ठिकाणच्या नव्या वस्त्यांत मेलो-रूस नावाची वेगळी ओळही बिलावर असते. रस्ते, शाळा, बागा यांसाठी काढलेल्या रोख्यांची ती परतफेड. घराच्या किमतीशी तिचा संबंध नसतो आणि ती किती वर्षं चालणार हे लिहिलेलं असतं. ते वाचा.

फ्लोरिडात हाच खेळ तीन टक्क्यांच्या मर्यादेचा, मिशिगनमध्ये पाच टक्के किंवा महागाई यातलं जे कमी असेल त्याचा. दोन्हीकडे घर विकलं की पुढच्या वर्षी मर्यादा उठते आणि बाजारभाव लागू होतो. मिशिगनमध्ये ट्रॉय, नोव्हायकडे घर घेणाऱ्यांनी तर जाहिरातीतला टॅक्स बघूच नये, तिथल्या शहराच्या कचेरीला फोन करून मर्यादा उठल्यावर किती होईल ते विचारावं. ते सांगतात. फ्लोरिडात काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या साइटवर अंदाज काढायची सोय असते.

टेक्सासबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपली निम्मी मंडळी आज डॅलस, ऑस्टिन आणि ह्यूस्टनकडे तोंड करून बसली आहेत. त्यातही ओढ नव्या बांधकामाकडे. टेक्सासमध्ये १ जानेवारीला घर ज्या अवस्थेत असेल त्यावर त्या वर्षाचा टॅक्स ठरतो. १ जानेवारीला नुसता प्लॉट होता आणि तुम्ही ऑगस्टमध्ये राहायला गेलात, तर त्या वर्षीचं बिल फक्त जमिनीचं. समजा ते २,००० आलं. मॉर्गेज कंपनीने त्यावरच एस्क्रो धरला तर महिन्याला १६७ डॉलर. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं, समजा १०,०००. कंपनी ते भरते आणि मग हिशेब करते: मागचे ८,००० कमी पडले, ते बारा हप्त्यांत वसूल, म्हणजे महिन्याला ६६७. शिवाय पुढच्या वर्षासाठी महिन्याला ८३३. एकूण हप्ता एका फटक्यात १,३३३ डॉलरने वर जातो. तोवर नवीन फर्निचर क्रेडिट कार्डावर घेतलेलं असतं आणि दुसरी गाडीही. बिल्डरचा सेल्समन तुम्हाला पहिल्या वर्षाचा हप्ताच दाखवतो. तुम्ही पूर्ण किमतीला पूर्ण दराने गुणून दुसऱ्या वर्षाचा काढा, आणि पहिलं वर्षभर फरक सेव्हिंग्जमध्ये टाकत जा.

दर तरी कुठला धरायचा? ह्यूस्टनच्या बाजूला, केटी, सायप्रसकडे, एमयूडी (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) नावाचा प्रकार आहे. शहराबाहेरच्या नव्या वस्तीला पाणी आणि सांडपाण्याची सोय करायला रोखे काढतात, ते तिथले घरमालक फेडतात. त्यामुळे पाच मैलांच्या अंतरात, सारख्याच शाळेच्या हद्दीत, एका वस्तीचा दर दोन टक्क्यांच्या आत आणि दुसरीचा तीनकडे झुकलेला असू शकतो. एमयूडीची नोटीस कायद्याने द्यावीच लागते, पण ती सहीच्या गठ्ठ्यात इतर कागदांसोबत येते आणि कुणी थांबून वाचत नाही. थांबा. रिअल्टर घड्याळ बघत असला तरी थांबा.

टेक्सासमध्ये जुनं घर घेत असाल तरी विकणाऱ्याचं बिल तपासून घ्या. राहत्या घराची टॅक्ससाठीची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, पण ती मर्यादा त्याच्यापुरती, घर विकलं की संपते. तो पासष्टीच्या पुढचा असेल तर त्याला आणखी सूट असते. पूर्ण अपंगत्व आलेला माजी सैनिक असेल तर बिल चक्क शून्य असू शकतं.

मग ‘टेक्सासला टॅक्स नाही’ हे मंडळाच्या गणपतीत ऐकलेलं वाक्य. राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे खरं. न्यू जर्सीत वर्षाला दीड लाख डॉलर मिळवणाऱ्या जोडप्याला राज्याचा इन्कम टॅक्स साडेपाच हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. टेक्सासला जाऊन वाचतात ते एवढे. (न्यूयॉर्कमध्ये काम करत असाल तर हिशेब वेगळा, कारण आधी न्यूयॉर्क घेतं.) माझी खरी काळजी दुसरीच आहे. नोकरी गेली की इन्कम टॅक्स आपोआप कमी होतो. प्रॉपर्टी टॅक्स एक पैसाही कमी होत नाही. एच-१बीवर एकट्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला, ज्याच्या हातात नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस असतात, त्याला हा फरक जिवावर बेतू शकतो. व्हिसावर असताना घर घेता येतं का, हे सगळे विचारतात. येतं. एका पगारावर टॅक्ससकट किती महिने तग धरता येईल, हे मात्र कुणी विचारत नाही.

न्यू जर्सीची बदनामी सगळ्यांना माहीत आहे. दर देशातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी, आणि २०२४ मध्ये राज्याचं सरासरी बिल १०,००० डॉलरच्या वर गेलं. पण एका बाबतीत हे राज्य सरळ आहे. केवळ घर विकलं गेलं म्हणून एकट्या त्या घराची किंमत वाढवता येत नाही. त्यामुळे इथे विकणाऱ्याचं बिल बऱ्यापैकी भरवशाचं असतं. दोन अपवाद लक्षात ठेवा. जुनं घर घेऊन, किचन-बेसमेंट नवं करून कुणी विकत असेल, तर त्या कामाचं ॲडेड असेसमेंट, म्हणजे वाढीव मूल्यांकनाचं बिल, तुमच्या नावाने येऊ शकतं. दुसरा अपवाद गावभराच्या फेरमूल्यांकनाचा. जर्सी सिटीत ते १९८८ नंतर थेट २०१८ साली झालं. अशा वेळी ज्या भागाच्या किमती गावाच्या सरासरीपेक्षा जास्त वाढल्या, त्या भागाची बिलं चढतात. गावाच्या असेसरला (मूल्यांकन अधिकाऱ्याला) विचारा: शेवटचं फेरमूल्यांकन कधी झालं, पुढचं कधी?

दराच्या आकड्याने फसू नका, हेही न्यू जर्सीतच शिकायला मिळतं. जुन्या मूल्यांकनाच्या गावात सात लाखांचं घर कागदावर दोन लाखांचं असतं आणि दर सहा टक्के दिसतो. बिल येतं १२,०००, म्हणजे बाजारभावाच्या पावणेदोन टक्क्यांहूनही कमी. शेजारच्या गावाचा दर दोन टक्के आणि किंमत पूर्ण सात लाख, तिथे बिल १४,०००. घरांची तुलना नेहमी डॉलरमध्ये करा.

इलिनॉयमध्ये टॅक्स एक वर्ष मागून भरतात. क्लोजिंगला, म्हणजे खरेदी पक्की होताना, विकणारा तुम्हाला जी रक्कम देतो ती त्याच्या काळातल्या टॅक्सची असते. ती सूट समजून खर्चू नका. व्हर्जिनियात लाउडन काउंटीचा दर डेटा सेंटरांच्या कृपेने शेजारच्या फेअरफॅक्सपेक्षा कमी आहे, पण दोन्हीकडे गाडीवरही दरवर्षी टॅक्स लागतो.

इन्शुरन्सबद्दल आधी एवढंच सांगते, डिडक्टिबल (नुकसानीतला आधी तुम्ही भरायचा वाटा) वाचा. टेक्सासमध्ये गारा आणि वाऱ्यासाठी तो बहुधा टक्क्यात असतो. चार लाखांच्या पॉलिसीवर दोन टक्के म्हणजे छपराचे पहिले ८,००० तुमचे. साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर येत नाही. पुराची सरकारी पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि मॉर्गेजसोबत घेतली नाही तर सहसा तीस दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाची बातमी बघून ती घेण्यात अर्थ नसतो. न्यू जर्सीतल्या जुन्या घरांत अंगणाखाली गंजकं तेलाचं टाकं पुरलेलं नाही ना, हे इन्स्पेक्शनच्या वेळीच वेगळं तपासून घ्या. जमिनीत तेल झिरपलेलं निघालं तर सफाईचा खर्च मालकाचा, आणि मालक तुम्ही झालेले असता.

‘एवढा टॅक्स भरला तर फेडरलमध्ये परत मिळतो’ असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. २०१८ पासून राज्य आणि स्थानिक टॅक्स मिळून १०,००० डॉलरच वजा करता येत होते, २०२५ साठी ती मर्यादा ४०,००० झाली आणि पाच लाखांवरच्या उत्पन्नाला ती घटत जाते. शिवाय २०२५ मध्ये जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शनच (सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट) ३१,५०० होतं. त्याच्या वर जाल तेवढाच फायदा, आणि तोही तुमच्या टॅक्सच्या दराने.

बिल जास्त वाटलं तर दाद मागा. आपली माणसं सरकारी कचेरीशी वाद नको, उगाच व्हिसाला काही व्हायचं, म्हणून गप्प बसतात. व्हिसाशी याचा काडीचाही संबंध नाही. टेक्सासमध्ये सर्वसाधारणपणे १५ मेपर्यंत, न्यू जर्सीत बहुतेक गावांत १ एप्रिलपर्यंत अर्ज करता येतो. सोबत तुमच्यासारख्या घरांच्या अलीकडच्या विक्रीचे दाखले हवेत. ‘टॅक्स परवडत नाही’ हे कारण चालत नाही, ‘घराची किंमत जास्त धरली आहे’ हे चालतं. या देशाची मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे हे सगळे आकडे बहुतेक ठिकाणी उघडे असतात. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की त्या घराचं मूल्यांकन आणि टॅक्स दिसतो, शेजाऱ्याचाही. घर बघायला गाडीत बसण्याआधी हे दहा मिनिटांचं काम करा.

चाव्या हातात आल्या की पहिल्याच आठवड्यात होमस्टेड एक्झेम्प्शनचा (राहत्या घरावरच्या सुटीचा) अर्ज भरा. टेक्सासमध्ये राहत्या घराला शाळेच्या टॅक्ससाठी किमतीतून १ लाख ४० हजार डॉलरची वजावट मिळते, नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर हा आकडा झाला. त्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्सवर नव्या घराचा पत्ता लागतो, म्हणून आधी ते बदला. फ्लोरिडात मुदत १ मार्च. विकणाऱ्याची सूट तुमच्याकडे आपोआप येत नाही. अर्ज काउंटीच्या साइटवर असतो आणि फुकट असतो. नोंदणी झाल्यावर थोड्याच दिवसांत गरुडाचं चित्र आणि जाड अक्षरं असलेली, सरकारी वाटावीत अशी पत्रं येऊ लागतात: शंभर डॉलर द्या, होमस्टेड भरून देतो, तेवढेच द्या, डीडची (खरेदीखताची) प्रत पाठवतो. ही खाजगी पत्रं असतात, पैसे पाठवू नका. डीडची प्रत काउंटीच्या रेकॉर्डरकडे किरकोळ शुल्कात मिळते.