डोक्याच्या दुखापतीनंतर नवे रंग दिसू लागले, तर नोंद कशी ठेवावी

डोक्याला मार बसल्यानंतर एखाद्याला आकड्यांमध्ये रंग दिसू लागतात, सुरांना आकार येतात किंवा कधीही न शिकलेली चित्रकला एकाएकी साधू लागते, अशी उदाहरणे नोंदलेली आहेत. पण ती जगभर मिळून मोजकीच आहेत. म्हणून असा अनुभव आल्यास त्याला लगेच वरदान म्हणू नये.

वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, अडखळणारी वाचा किंवा एका बाजूच्या हातापायांतील कमजोरी असेल, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. दरवेळी त्याच क्रमाने काही सेकंद ते दोन मिनिटे रंग येऊन जात असतील, तर तो अपस्माराचा झटका असू शकतो. चमकत्या नागमोडी रेषा हळूहळू पसरत पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकत असतील, तर अर्धशिशीचा संशय घ्यावा. सहसंवेदनेला (सिनेस्थेशिया), म्हणजेच एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होण्याला, बहुधा ठरावीक निमित्त लागते: सात हा आकडा दिसला की हिरवा रंग आपसूक उमटतो, मुद्दाम आठवावा लागत नाही.

याची पडताळणी घरीही करता येते. शून्य ते नऊ हे आकडे दुसऱ्या कोणीतरी काळ्या शाईने, क्रम मोडून, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहावेत आणि प्रत्येकासाठी मोबाइलच्या रंगपटलावरून नेमकी छटा निवडायला सांगावे. नुसते ‘हिरवा’ हे उत्तर पुरेसे नाही. शेवाळी की पोपटी, हे ठरले पाहिजे. निवडलेल्या छटा कागदावर टिपून तो कागद दडवून ठेवावा आणि महिन्याभराने, पूर्वसूचना न देता, तीच चाचणी पुन्हा घ्यावी. बहुतेक छटा जुळल्या, तर तज्ज्ञांना दाखवण्याजोगे काही हाती आले.

कौशल्याची परीक्षा जास्त अवघड असते. ऑर्लँडो सेरेल यांना १९७९ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, डोक्याच्या डाव्या बाजूला बेसबॉल लागला आणि त्यानंतर ते तारखेवरून वार सांगू लागले. असा दावा तपासताना अपघातापूर्वीच्या आणि नंतरच्या तारखा वेगळ्या विचाराव्यात, कारण नंतरच्या तारखांचे वार नुसत्या स्मरणातूनही येऊ शकतात. २० जुलै १९६९ चा रविवार मात्र त्यानंतर जन्मलेल्या माणसाला आठवणीतून सांगता येणार नाही. चित्र किंवा संगीत असेल, तर दुखापतीपूर्वीचे काम शोधून शेजारी ठेवावे. विसरलेला जुना सराव पुष्कळदा तिथेच सापडतो.

मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा अंकुश सैल झाल्याने उजव्याला वाव मिळतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते अजून सिद्ध झालेले नाही. नोंद ठेवणाऱ्याने त्यात गुंतू नये.

वहीच्या उजव्या पानावर तारीख, वेळ, निमित्त, अनुभव आणि त्याचा अवधी लिहावा. डावे पान गमावलेल्या गोष्टींसाठी राखावे: झोप, भूक, चिडचिड, विसराळूपणा, औषधांतील बदल. अमेरिकेतील टाकोमा शहरात २००२ मध्ये मारहाण झाल्यावर जेसन पॅजेट यांना भोवतालच्या वस्तूंत भौमितिक आकार दिसू लागले, पण त्याचबरोबर जंतूंची अनावर भीती जडून ते दीर्घकाळ घरात कोंडून राहिले. घरच्यांचे लक्ष नवलाकडे लागलेले असते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना डावे पान आधी उघडावे.