एसएसडी घेण्याआधी कॅबिनेट उघडा

एसएसडीच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान ड्राइव्हच्या, किमती बघत बसण्याआधी मदरबोर्डचा मॉडेल नंबर लिहून घ्या. तो बोर्डावरच छापलेला असतो. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून स्टोरेजचं पान नीट वाचा. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसते ती खाच) भरला की एखाद-दुसरा साटा पोर्ट (हार्ड डिस्कची वायर लावतात ती जागा) बंद होतो. हे माहीत नसलं, की जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाल्यावर ती गेलीच असं वाटतं.

जास्त फसगत एम.२ मध्येच होते. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, पण त्याच मापाची पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही (ही पीसीआयई या जास्त वेगवान जोडणीवर चालते). पट्टीच्या टोकाच्या खाचांवर विसंबू नका, खोक्यावर लिहिलेलं वाचा. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतं; पीसीआयई ३.० वरची चांगली एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. स्लॉटच नसेल तर पीसीआयई अडॅप्टर कार्ड मिळतं. ते एक्स४ किंवा एक्स१६ स्लॉटमध्ये लावा, एक्स१ मध्ये वेग बराच पडतो. मात्र जुन्या बायोसवर (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच होत नाही. तशा मशीनला अडीच इंची साटा एसएसडीच घ्या. हार्ड डिस्कवरून आलेल्याला तेवढ्यानेही फरक लगेच जाणवतो.

आता वायरी. एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) साटा पॉवरचा पिन उरला आहे का बघा. नसेल तर मोलेक्स-टू-साटा अडॅप्टर (जुन्या चार पिनच्या मोलेक्स वायरीवरून साटा पॉवर देणारा) लागेल, आणि इथे पन्नास रुपये वाचवू नका. प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त कनेक्टर आतल्या आत शॉर्ट होऊन वितळल्याची, पेटल्याची उदाहरणं आहेत. प्रत्येक वायर वेगळी आत शिरताना दिसते, तसा कनेक्टर मागा. साडेतीन इंची डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायची असेल तर तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलाच कन्व्हर्टर घ्या.

बॅकअप आधी, स्क्रूड्रायव्हर नंतर. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा. एम.२ चा इवलासा स्क्रू बोर्डाच्या खोक्यात आहे का, हेही बघून ठेवा. ड्राइव्हसोबत तो येईलच असं नाही.

जोडल्यावर ड्राइव्ह दिसली नाही तर घाबरू नका. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशिअलाइज करा (वापरासाठी तयार करा), दोन टीबीच्या वर असेल तर विभागणीच्या पर्यायांत जीपीटीच निवडा. एक टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तरी दुकानदाराशी भांडू नका, ते बरोबर आहे.