फोल्डिंग सोलर चार्जर घेतलाय? ट्रेकला न्यायच्या आधी ही टेस्ट कराच

नवा सोलर चार्जर हातात आला की बरेच जण तो खिडकीत धरतात, बारका दिवा लागला की "चालतोय" म्हणायचं आणि सॅकमध्ये टाकायचं. त्या दिव्याला काडीचा अर्थ नाही, तो ढगाळ उजेडातही लागतो. मीटरवर नुसते ५ व्होल्ट दिसले तरी त्यावरून काही ठरत नाही, कारण काही जोडलेलं नसताना मरतुकडं पॅनलसुद्धा ५ व्होल्ट दाखवतं. बघायचंय ते एवढंच की फोन लावल्यावर किती अँप जातात, आणि ऊन जाऊन परत आलं की ते अँपही परत येतात का.

सामान फार नाही. एक यूएसबी मीटर (चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा, व्होल्ट-अँप दाखवतो; मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, नाहीतर ऑनलाइन, फक्त वीज गेली तरी वॉट-अवरचा, म्हणजे एकूण मिळालेल्या विजेचा, आकडा लक्षात ठेवणारा घ्या), जाड आणि आखूड केबल, एक पुठ्ठा, एक पातळ सुती पंचा. फोन आणि पॉवर बँक दोन्ही निम्म्याच्या खाली उतरलेले हवेत. ८०-९० टक्के भरलेला फोन स्वतःच करंट कमी घेतो आणि मग लोक पॅनलला शिव्या घालत बसतात.

ऊन लागायच्या आधी पट्टी घ्या. फक्त काळ्या सेलचा भाग मोजा, कापड सोडून. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट पडतात आणि चांगले सेल त्यातले वीस ते चोवीस टक्के विजेत बदलतात, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरला २ ते २.४ वॉट. २१ वॉट लिहिलेल्या चार्जरवर निदान नऊशेच्या आसपास चौरस सेंटिमीटर सेल हवेतच, नसतील तर पुढची टेस्ट करायचीही गरज नाही, परत पाठवा. पाठीवर छोटं पॅनल चिकटवलेल्या "सोलर पॉवर बँक"चंही तसंच. तळहाताएवढ्या पॅनलमधून दीड वॉट मिळाले तरी खूप, आणि १०,००० मिलीअँप-अवरची बँक भरायला नुकसान धरून ४५ वॉट-अवर लागतात. तीस तास कडक ऊन कुठून आणणार?

मग गच्ची, अकरा ते दोनच्या मध्ये, पॅनल पूर्ण उघडून. पॅनलवर पेन्सिल काटकोनात उभी धरा, तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनल कलवा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी जवळजवळ सपाट ठेवलं तरी चालतं, डिसेंबरात दक्षिणेकडे चांगलं ४० अंशांच्या आसपास कलवावं लागतं. आता मीटर आणि पॉवर बँक लावा, व्होल्ट गुणिले अँप करा. २१ वॉटच्या पॅनलमधून १३-१४ वॉट आले तर पॅनल उत्तम आहे, तक्रार करू नका, छापील आकडा सेल २५ अंशाला असतानाचा असतो आणि आपल्या उन्हात सेल साठच्या वर जातात. एका पोर्टवर २.४ अँप लिहिलं असेल तर त्यातून १२ वॉटच्या वर येणारच नाहीत, म्हणून दोन्ही पोर्टवर काहीतरी लावून बेरीज बघा.

आता खरी परीक्षा, याच पायरीवर मी कितीतरी काळ अडकलो होतो. गच्चीवर आकडे झकास यायचे आणि रतनगड-हरिश्चंद्रगड रेंजला गेलं की दुपारभर उन्हात ठेवूनही संध्याकाळी फोन जेमतेम हललेला असायचा. केबल बदलली, फोन बदलला, पोर्ट साफ केले, काही फरक नाही. कारण निघालं ढग.

होतं असं की ढग आला की पॅनलची ताकद कमी होते, फोन मात्र आधीएवढाच करंट ओढत असतो, त्यामुळे व्होल्टेज घसरतं, फोन समजतो की समोरचा चार्जर दुबळा आहे आणि आपली मागणी कमी करतो. इथपर्यंत ठीक. पण ढग सरकल्यावर बरेच फोन ती मागणी आपणहून वाढवतच नाहीत. वर रणरणतं ऊन आणि फोनमध्ये जातायत ०.२ अँप, केबल काढून परत लावेपर्यंत तसंच रडतखडत. स्क्रीनवर चार्जिंगची खूण दिसत असते म्हणून कुणाला शंकाही येत नाही. चांगल्या चार्जरचं सर्किट हे ओळखतं, क्षणभर वीज तोडतं आणि फोनला नव्याने सुरुवात करायला लावतं. याला ऑटो रिस्टार्ट म्हणतात आणि डब्यावर ते लिहिलेलं असणं आणि प्रत्यक्षात असणं यात फार अंतर आहे.

ही टेस्ट बहुतेक व्हिडिओंत चुकीची दाखवतात. पॅनलवर पुठ्ठा टाकायचा, मीटर बंद पडतो, पुठ्ठा काढला की करंट पूर्ण, झालं, पास. अहो, पुठ्ठ्याने वीज पूर्णच तुटली, म्हणजे केबल काढून लावल्यासारखंच झालं की ते! पुठ्ठ्याची टेस्ट पण करा, तिथेच नापास झालेला चार्जर लगेच बाजूला काढता येतो, पण खरा ढग हळूहळू येतो आणि वीज पूर्ण तोडत नाही.

म्हणून पंचा. दोघांनी दोन टोकं धरा, पॅनलच्या हातभर वर, आणि अर्ध्या मिनिटात हळूच सरकवत पूर्ण पॅनलवर सावली आणा. झटका नको. मीटरवर अँप उतरताना दिसतील, दीडचे समजा ०.३ झाले. दोन मिनिटं तसंच धरा, मग तितक्याच सावकाश बाजूला घ्या आणि कशालाही हात न लावता मीटर बघत राहा. मिनिटभरात आकडा आधीच्या जवळपास आला तर पास. नाही आला तर केबल काढून परत लावा, लगेच उसळी मारली तर समजा पॅनल ठीक, ऊन ठीक, रिस्टार्ट नाही. मग पंचा दुहेरी करून परत. आणि हे सगळं फोनवर वेगळं, पॉवर बँकवर वेगळं करायचं, कारण निम्मा दोष समोरच्या वस्तूचाही असतो, एकाच चार्जरवर एक पॉवर बँक सावरते आणि दुसरी नाही.

पंचाच्या टेस्टमध्ये नापास झालेला २८ वॉटचा चार्जर मी घेणार नाही, पास झालेला १५ वॉटचा घेईन. रिटर्नची मुदत असेपर्यंतच ही टेस्ट करा. मुदत गेली असेल तर सावरणारी पॉवर बँक शोधा, दिवसा तीच भरा आणि फोन रात्री तिच्यावर लावा.

सॅकला पॅनल टांगून चालत चार्जिंग करायचा सल्ला अजिबात ऐकू नका. झाडीतून, वळणावळणाने चालताना दर पावलाला सावली बदलते, आणि एका ओळीत जोडलेल्या सेलपैकी एकावर सावली पडली तरी पूर्ण ओळ बसते. जेवणाच्या मुक्कामाला दोन तास नीट मांडून ठेवा, त्यात जास्त मिळतं.

फोन पॅनलच्या खिशात ठेवू नका, तिथे भट्टी होते आणि गरम फोन चार्जिंगच थांबवतो. लांब केबल घेऊन सावलीत ठेवायचा म्हणाल तर ती केबल लावून आकडा परत मोजा, बारीक तारेत बरंच व्होल्टेज वाया जातं.

शेवटी एक पूर्ण दिवस, दहा ते चार, कोन तासाला एकदा बदलत, संध्याकाळी मीटरवरचे वॉट-अवर लिहून ठेवा. तुमच्या रोजच्या गरजेशी ताडून बघायचा आकडा तो, डब्यावरचे वॉट नव्हेत. ही टेस्ट नोव्हेंबर ते मेमध्ये करा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत सोलर नेऊच नका, तेवढ्या वजनात आणखी एक भरलेली पॉवर बँक घ्या.