बिडी बिडीत सेवक-प्रशिक्षणाचा वर्ग कसा उभा करावा

आफ्रिकेतल्या निर्वासितांसाठी ख्रिस्ती प्रशिक्षण म्हटलं की आपल्याकडच्या मंडळ्यांच्या डोळ्यांपुढे सुवार्तेची सभा, मोठा मांडव आणि वाटायच्या कपड्यांचे गठ्ठे येतात. युगांडाच्या वायव्य कोपऱ्यातल्या यंबे जिल्ह्यात, बिडी बिडी वसाहतीत, यातलं काहीच लागत नाही. जुलै 2016 मध्ये दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, पुन्हा लढाई पेटली, ऑगस्टमध्ये ही वसाहत उघडली आणि वर्ष संपेपर्यंत अडीच लाखांच्या वर माणसं तिथे येऊन पडली. बहुतेक दक्षिण सुदानच्या इक्वेटोरिया भागातली, येई आणि काजो-केजीकडची. आपापल्या मंडळ्या ती सोबतच घेऊन आली. अँग्लिकन, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, सगळ्यांची उपासना गवती छपराखाली चालू आहे. तुटवडा आहे तो शिकलेल्या सेवकांचा. दर रविवारी संदेश देणाऱ्या अनेकांना शास्त्राचं शिक्षण कधी मिळालेलंच नाही. तेव्हा काम एवढंच धरा: जे आधीच शिकवत आहेत त्यांना शिकवायचं, आणि तुम्ही परतल्यावरही वर्ग चालेल अशी घडी बसवायची.

परवानग्या, आणि त्याआधी

वसाहतीत थेट जाऊन शिकवता येत नाही. युगांडात निर्वासितांचा कारभार पंतप्रधान कार्यालय पाहतं. तिथल्या निर्वासित विभागाची लेखी परवानगी घ्या आणि ती वसाहतीच्या कमांडंटला दाखवा. त्यानंतर निर्वासितांच्या स्वतःच्या समित्या येतात. त्यांना आर.डब्ल्यू.सी. (रेफ्युजी वेल्फेअर कौन्सिल) म्हणतात. पहिली पायरी गावाची, दुसरी झोनची, तिसरी सबंध वसाहतीची. बिडी बिडीत पाच झोन आहेत. झोनच्या अध्यक्षाला न भेटता वर्ग भरवला तर पहिल्या आठवड्यात कोणी अडवत नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या खोलीची किल्ली सापडत नाही.

टूरिस्ट व्हिसावर शिकवू नका. ज्या स्थानिक चर्चबरोबर किंवा सेमिनरीबरोबर काम करणार आहात त्यांनी तुमच्यासाठी योग्य परवान्याचा अर्ज करायचा असतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तिकीट शेवटी काढा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतं. परतताना ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांशी आधी बोला, त्या भागात मलेरिया बारमाही आहे. ट्रस्टच्या पैशातून खर्च करणार असाल तर आपल्या सी.ए.ला आधी गाठा. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च करसवलतीत आपोआप बसत नाही.

अजून एक बाब सुरुवातीलाच ठरवून टाका. धान्य, कपडे, पैसे यातलं काहीही वर्गाशी जोडायचं नाही. रेड क्रॉस चळवळ आणि मदतसंस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे: मदत कोणत्याही धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी वापरायची नाही. यंबेतले मूळ रहिवासी, म्हणजे आरिंगा लोक, बहुतांश मुस्लिम आहेत, वसाहतीतही मुस्लिम कुटुंबं आहेत. ‘नाव नोंदवा, साबण मिळेल’ असं एकदा झालं की मंडळीतही खोटी भरती होते आणि बाहेरही विश्वास जातो. भोंगा लावू नका. साक्षरतेचा वर्ग काढलात तर दहातल्या तीन जागा यजमान गावातल्या लोकांना द्या. निर्वासितांसाठीच्या मदतीत यजमानांचा साधारण 30 टक्के वाटा, हा युगांडात रूढ झालेला हिशोब आहे. त्यामुळे परवानगी देणाऱ्यांचंही काम सोपं होतं.

वेळापत्रक

आपल्या बायबल स्कूलसारखा नऊ महिन्यांचा निवासी कोर्स इथे चालत नाही. कुटुंबाला मिळालेल्या तुकड्यावर भाजी-मका लावायचा असतो, पाणी-सरपण आणायचं असतं. इथे बसते ती टी.ई.ई. पद्धत, म्हणजे विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षण. 1963 मध्ये ग्वातेमालात प्रेस्बिटेरियन सेमिनरीने ती सुरू केली, कारण ज्या वडीलधाऱ्यांच्या हाती मंडळ्या होत्या ते घरदार सोडून राजधानीत शिकायला येऊ शकत नव्हते. भारतातही बेंगळुरूच्या ‘टॅफ्टी’ या संस्थेमुळे अनेकांना ती ठाऊक आहे. घरचा अभ्यास, आठवड्याची गटबैठक आणि मंडळीतलं प्रत्यक्ष काम, अशी तिची तीन अंगं.

बिडी बिडीसाठी मांडणी अशी करा: दर तीन महिन्यांनी पाच दिवसांचा सघन वर्ग, रोज सहा तास, म्हणजे 30 तास. मधल्या दहा आठवड्यांत चार-सहा जणांचे गट, प्रत्येक गट चालत जाता येईल एवढ्या अंतरातल्या लोकांचा. शिकणारे वीस ते चोवीस, त्याहून जास्त नकोत. सघन वर्ग शाळेच्या सुट्टीत ठेवा. जानेवारीत, मे महिन्याच्या मधल्या सुट्टीत, ऑगस्टअखेरीस शाळेच्या खोल्या रिकाम्या असतात. मात्र मे महिना खुरपणीचा आहे, तेव्हा दिवस साडेनऊला सुरू करून दोनला आटोपता येतो का ते विचारा आणि पाचऐवजी सात दिवस घ्या. धान्यवाटपाच्या दिवशी वर्ग ठेवलात तर खोली रिकामी राहील, हे सांगायला नको. ते दिवस झोननिहाय वेगळे असतात आणि ऐनवेळी बदलतात, म्हणून आदल्या आठवड्यात पुन्हा खात्री करा.

घरचा अभ्यास हे या पद्धतीचं सगळ्यात कच्चं अंग. रात्री उजेड नसतो, झोपडीत मुलं असतात. दहा प्रश्नांचा स्वाध्याय दिला तर दोघांचा पूर्ण होतो आणि बाकीचे त्यांची वही उतरवतात. उपाय एकच: गटबैठक अर्धा तास आधी भरवायची आणि घरचा पाठ तिथेच, मोठ्याने वाचून, करून घ्यायचा.

जेवण आणि भाडं

वसाहतीत वर्षानुवर्षं संस्था ‘सिटिंग अलाउन्स’, म्हणजे नुसतं येऊन बसण्याचा भत्ता, देत आल्या आहेत. तुमच्याकडेही तीच अपेक्षा राहील. पहिल्याच दिवशी नव्हे, निमंत्रणातच लिहा: दुपारचं जेवण आणि लांबून येणाऱ्यांना बोडा-बोडाचं (मोटारसायकल-टॅक्सीचं) प्रत्यक्ष भाडं मिळेल, भत्ता नाही. यावर काही जण गळतात. गळू द्या.

जेवणात पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि राजमा. पंचवीस जणांसाठी मक्याचं पीठ साडेसात किलो, कोरडा राजमा तीन किलो, तेल अर्धा लिटर, कांदे, टोमॅटो, मीठ. राजमा आदल्या रात्री भिजवला नाही तर सरपण जवळजवळ दुप्पट जातं आणि जेवण तीनला मिळतं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना मजुरी द्या. त्यांना ‘सेवा’ म्हणून राबवण्याची सवय चर्चला सगळीकडेच आहे. तान्ही मुलं घेऊन येणाऱ्या आयांसाठी खोलीबाहेर सावलीत चटई आणि मुलं सांभाळायला दोन बायका ठेवा. वसाहतीत दहातली आठ माणसं बायका आणि मुलं आहेत. पाळकांचीच यादी मागवली तर वर्ग पुरुषांनी भरतो. म्हणून प्रत्येक मंडळीकडून एक पुरुष आणि एक स्त्री अशीच नावं मागवा.

दुभाष्या आणि पाठ

बारी, काक्वा, जुबा अरबी आणि शाळेची इंग्रजी, अशी भाषांची सरमिसळ असते. दुभाष्यातून शिकवताना नव्वद मिनिटांच्या तासात चाळीस मिनिटांचाच मजकूर मावतो. त्याच हिशोबाने टिपणं निम्मी करा. दुभाष्या आदल्या संध्याकाळी भेटला पाहिजे. वचन, पाठाचे चार मुख्य मुद्दे आणि अवघड शब्द त्याच्याबरोबर वाचून घ्या. तो कुठल्या कुळातला, कुठल्या पंथाचा हेही पाहा, कारण एकाच गटाचा माणूस कायम बोलत राहिला तर बाकीचे ऐकत नाहीत.

एक पाठ कसा चालवायचा ते बायबलमधल्या रूथच्या पहिल्या अध्यायावर पाहू. अध्याय दोनदा वाचा, एकदा बारीत, एकदा जुबा अरबीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही दुसऱ्या वाचनापर्यंत गोष्ट कळते. मग पुस्तकं मिटवा आणि तिघा-चौघांच्या गटांत गोष्ट परत सांगायला लावा. ऐकणाऱ्यांनी सुटलेलं भरायचं. याला वीस मिनिटं द्या, घाई करू नका, निरक्षर बाया इथेच सगळ्यांच्या पुढे जातात. नंतर तीन प्रश्न: दुष्काळात घर सोडताना या कुटुंबाने काय काय गमावलं? रूथची सासू नामी आपला कडवटपणा देवासमोर कसा मांडते? परक्या देशातल्या सुनेला बेथलेहेममध्ये कोणी काय म्हणालं असेल? शेवटी प्रत्येकाने दोन मिनिटांचा संदेश उभं राहून द्यायचा, पुढच्या रविवारी तोच मंडळीत. तुम्ही बोलायचं ते जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. इथे चुकतं ते हे की पाहुणा शिक्षक नामीच्या दुःखावरून उडी मारून थेट बवाजपर्यंत, रूथच्या पुढच्या लग्नापर्यंत, पोचतो. दुसरा अध्याय दुसऱ्या दिवशी घ्या.

त्यानंतर यिर्मयाचा 29 वा अध्याय घ्या. बंदिवासातल्या लोकांना घरं बांधा, बागा लावा असं सांगणारं ते पत्र. इथे वाद होतो. युगांडा सरकारने दिलेल्या तुकड्यावर झाड लावायचं म्हणजे परत न जाणं मान्य करणं का? निकाल तुम्ही देऊ नका.

कोणालाही त्याच्यावर गुदरलेलं वर्गात सांगायला लावू नका. काहींना शिक्षक म्हणून ‘साक्ष’ मागायची हौस असते. इथे तिचा अर्थ हत्या आणि बलात्कार पुन्हा जगायला लावणं असा होतो. कोणी आपणहून बोलू लागलं आणि थरथरू लागलं तर वर्ग थांबवा, त्या व्यक्तीबरोबर तिच्या विश्वासातल्या माणसाला बाहेर बसवा आणि आरोग्य केंद्रातल्या समुपदेशकाचं नाव हाताशी ठेवा. मुलांबरोबर काम असेल तर एकट्याने कधीच नाही, कायम दोन प्रौढ. फोटोही नकोत. सीमेपलीकडे कोणाचा शत्रू कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

इंटरनेटविना ग्रंथालय

नेट महाग आणि बेभरवशाचं आहे, पण साधे स्मार्टफोन बऱ्याच जणांकडे असतात. रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक, 64 जीबीचं कार्ड, त्यावर ‘कोलिब्री’ हे नेटविना चालणारं मोफत शिक्षण-सॉफ्टवेअर आणि एक छोटा राउटर, एवढ्यात वर्गाचं ग्रंथालय होतं. पायच्या स्वतःच्या वायफायवर दहाएक फोन ठीक चालतात, वीस जोडले की अडखळतात, म्हणून राउटर वेगळा. शास्त्रपाठाच्या पीडीएफ आणि मातृभाषेतलं ध्वनिमुद्रण ‘कोलिब्री स्टुडिओ’त आपला चॅनल करून आधीच भरा, तेही राजधानी कंपालात, चांगल्या नेटवर.

वीज पॉवर बँकेची. 20,000 एमएएचची बँक म्हणजे साधारण 74 वॅट-तास. पाय आणि राउटर मिळून एक वर्गदिवस आरामात निघतो. विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. बिघाड होतात ते दोनच. बारीक, स्वस्त केबलने व्होल्टेज पडतं आणि पाय मध्येच रीस्टार्ट होतो, जाड केबल न्या. दुसरं, कोणीतरी वायर ओढून बंद करतो आणि कार्ड खराब होतं. कार्डाची तंतोतंत दुसरी प्रत सोबत ठेवा आणि बंद करायची पद्धत दोन जणांना शिकवा. शिवाय फोन ‘इंटरनेट नाही’ म्हणून आपोआप मोबाईल डेटाकडे वळतो, तेव्हा जोडण्यापूर्वी सगळ्यांना डेटा बंद करायला सांगा.

प्रमाणपत्र

स्वतः छापलेलं सोनेरी प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, पुढे कुठे चालत नाही. पहिल्या वर्गाआधीच युगांडातल्या मान्यताप्राप्त सेमिनरीशी करार करा. तिथला उच्च शिक्षण आयोग किंवा आफ्रिकेतल्या ईश्वरविज्ञान संस्थांची ‘ॲक्टिया’ यांची मान्यता आहे ना ते तपासा. तिथे 15 संपर्क-तासांना एक क्रेडिट धरतात, म्हणजे तुमचा 30 तासांचा वर्ग दोन क्रेडिटचा. हजेरीपट, तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि पाठांचा आराखडा सेमिनरीकडे दर वर्गानंतर पाठवा, वर्षअखेरीला एकदम नव्हे. शिकणारा मध्येच दक्षिण सुदानला परततो, दुसऱ्या वसाहतीत जातो, क्वचित परदेशी पुनर्वसनाला निघतो. त्याला तोवरच्या क्रेडिटचं पत्र दिलेलं असलं की पुढचं तिथे जोडता येतं.

नाव लिहिताना त्याच्या निर्वासित ओळखपत्रावरचं आणि कुटुंबाच्या अटेस्टेशनच्या (निर्वासित-नोंदणीच्या) कागदावरचं स्पेलिंग अक्षर-न्-अक्षर उतरवा. बाप्तिस्म्याचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव यांचा क्रम कागदागणिक बदललेला असतो. प्रमाणपत्रावर ‘जॉन लाडो’ आणि ओळखपत्रावर ‘लाडो जॉन’ असलं तर कॉलेजचं कारकुनी खातं ते परत पाठवतं. नोंदणीच्या दिवशीच ओळखपत्र समोर ठेवून नाव लिहा आणि ज्याचं नाव आहे त्याच्याकडून सही किंवा अंगठा घेऊन तपासून घ्या.